अ‍ॅशबर्नमधला सत्कार

प्रल्हाद भाऊजींनी शाल दिवाळीतच पुण्याहून मागवून ठेवली होती, त्यामुळे सत्कार आता टळण्यासारखा नव्हता. डिसेंबरच्या शेवटच्या सामन्यात नंदाचा मुलगा देवांग चार मिनिटं मैदानावर निपचित पडून होता, आणि तीन आठवडे झाले तरी त्याला उजेड सोसत नव्हता. पण भाऊजी फोनवर म्हणाले, "अगं नंदा, घरीच तर करतोय. मंडळाची साठ माणसं, लताचं हळदीकुंकू, तिळगूळ, सगळं एकात एक उरकतं. त्याला नुसतं खुर्चीवर बसायचंय. कुणी टॅकल करणार नाहीये इथे!"

स्वतःच्या विनोदावर ते बराच वेळ हसले. नंदाही हसली. मोठ्या दिरांच्या विनोदावर हसायची तिला एकतीस वर्षांची सवय होती.

म्हणून २००८ च्या संक्रांतीच्या आदल्या रविवारी, सकाळी सहाला, ती, तिचा नवरा प्रताप आणि देवांग न्यू जर्सीतल्या एडिसनहून व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला निघाले. प्रताप गाडी चालवत होता आणि पुढच्या सीझनमध्ये टीमने बचाव कसा बदलायला हवा ते सांगत होता. देवांग मागच्या सीटवर काळा गॉगल लावून डोळे मिटून बसला होता. एकशे दहा किलोचा मुलगा, गुडघे पुढच्या सीटला टेकलेले. मधूनमधून "येस, बाबा" म्हणत होता.

सात वर्षांपूर्वी याच भाऊजींनी देवांगला हमाल म्हटलं होतं. इंजिनिअरिंगची डिग्री हातात पडली त्याच आठवड्यात देवांगने चालून आलेली नोकरी नाकारली आणि मिडवेस्टमधल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल टीमच्या कॅम्पला निघून गेला. तो लाइनबॅकर. समोरून बॉल छातीशी धरून धावत येणाऱ्या माणसाला आडवा पाडायचं, एवढंच त्याचं काम. बॉल स्वतःच्या हातात यायचा योग वर्षातून एखादा.

"म्हणजे गोल मारणाराही नाही?" भाऊजींनी तेव्हा विचारलं होतं. "नुसता आडवा येणारा? अरे प्रताप, ही हमालीच झाली. हमालाच्या हातात निदान बॅग तरी येते."

प्रतापने मोठ्या भावाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. तो लेकाशी तीन वर्षं बोलला नाही. मंडळात कुणी चौकशी केली तर म्हणायचा, "देवांग ना? तो मिडवेस्टला असतो." आवाज असा लावायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगा तुरुंगात आहे आणि वर्तणूक बरी आहे.

मग २००४ चा तो सोमवार उजाडला. देशभर दिसणाऱ्या सामन्यात देवांगने समोरच्यांनी फेकलेला बॉल मधल्यामध्ये झेलला आणि साठ यार्ड पळत नेला. कॉमेंटेटर "टिप-निस, टिप-निस" करून ओरडत राहिला. दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या ऑफिसात त्यांचा गोरा बॉस त्यांच्या टेबलापाशी आला आणि त्याने विचारलं, हा तुमचा कोण? बावीस वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्या टेबलापाशी आला होता. त्या संध्याकाळी भाऊजींचा फोन आला.

"आपला देवांग!" ते गदगदून म्हणाले. "रक्तातच असतं रे हे. खिंड अडवायची म्हणजे काय, हे टिपणीसांना शिकवावं लागत नाही. बाजीप्रभू कोण होते? आपल्यातलेच!"

हमालाचा बाजीप्रभू झाला. प्रतापनेही दुसऱ्या दिवशी लेकाला फोन लावला, आणि वर्षभरात तो फुटबॉलचा असा जाणकार झाला की जेवायला आलेल्या माणसाला कबड्डीच्या पकडीपासून सुरुवात करून तासभर समजावल्याशिवाय सोडत नसे.

नंदा त्या सगळ्यांना मनात हसायची. पण खरं सांगायचं तर तिलाही ते गोड लागलं होतं. ओक ट्री रोडवरचा साडीवाला तिला खुर्ची द्यायला लागला होता. मंडळाच्या स्मरणिकेत तिची मुलाखत येणार होती, 'वीरमाता' अशा मथळ्याची. डिसेंबरमध्ये त्या सामन्यानंतर देवांगने एका संध्याकाळी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा, शेजारणीच्या कुत्रीला पिल्लं झाली, हेच सांगितलं. तिसऱ्या वेळी नंदा म्हणाली, "हो का? अरे वा!" फ्रिजवर मुलाखतीचे प्रश्न चिकटवलेले होते. ती त्या कागदाकडे बघत राहिली आणि कुणाला काही बोलली नाही.

भाऊजींच्या घरी पोचल्यावर लतावहिनींनी दारातच देवांगची दृष्ट काढली. "गॉगल बघा साहेबांचा! घरातसुद्धा काढत नाहीत," त्या कौतुकाने म्हणाल्या.

"स्टार आहे तो, लता," भाऊजी म्हणाले. "स्टार लोक असेच असतात."

देवांग हसला आणि सोफ्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला.

हळदीकुंकू उरकलं तशी सगळी मंडळी बेसमेंटमध्ये उतरली. तिथे भाऊजींचं नवं होम थिएटर होतं, आणि सत्यजितने म्हणजे भाऊजींच्या मुलाने एक खास डीव्हीडी बनवली होती. सत्यजित डेटा सेंटरमध्ये मॅनेजर होता. लहानपणापासून देवांगला ज्याचं उदाहरण देऊन झोडपलं गेलं, तो हाच. हल्ली तो ऑफिसात स्वतःची ओळख 'देवांगचा कझिन' अशी करून देत असे.

"टॉप टेन हिट्स, लोकहो!" सत्यजितने रिमोट उंचावला.

पडद्यावर माणसं माणसांवर आदळायला लागली. एकेका टकरीला मंडळी "आईशप्पथ!" म्हणून टाळ्या वाजवत होती. सत्यजितने आवाज इतका मोठा केला होता की हाडांचा आवाज खुर्चीत जाणवत होता. देवांग दोन्ही हातांच्या मुठी मांडीवर ठेवून बसला होता. मग शेवटची टक्कर आली. समोरून एक धिप्पाड माणूस बॉल घेऊन आला आणि चोपन्न नंबरचा खेळाडू डोकं खाली घालून त्याच्यात घुसला. दोघंही कोसळले. चोपन्न नंबर उठला नाही.

"व्होआ," देवांग पुढे झुकून म्हणाला. "दॅट्स अ हिट. हू इज दॅट गाय?"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग सत्यजित खो खो हसत सुटला. "ब्रो! दॅट्स यू! दिस इज डिसेंबर, यार!"

अख्खं बेसमेंट हसलं. प्रतापने मांडीवर थाप मारली. "विनोदी आहे हां पोरगा," कुणी काकू म्हणाल्या. देवांगही हसला, पण सगळ्यांच्या थोडा मागून, वर्गात न कळलेल्या विनोदावर मूल हसतं तसा.

नंदाने वळून पाहिलं. तिळगुळाचं ताट घेऊन जिन्यात उभ्या असलेल्या लतावहिनीही हसत नव्हत्या.

पाच मिनिटांनी देवांग खोलीत दिसेना. नंदाला तो लाँड्री रूममध्ये सापडला. दिवा न लावता ड्रायरला टेकून जमिनीवर बसला होता.

"आई, प्लीज. इट्स नॉट अ बिग डील."

"तुला तो सामना आठवत नाही?"

"थोडा आठवतो. बसमधून गेलो, ते आठवतं. देन हॉस्पिटल."

"मग टीमच्या डॉक्टरांना कळलं कसं नाही? ते तपासतात ना?"

देवांग ओशाळला. त्याने मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं ते असं. सीझनच्या सुरुवातीला सगळ्यांची कॉम्प्युटरवर एक परीक्षा घेतात, शब्द आठवा, आकडे आठवा. डोक्याला मार लागला की पुन्हा तीच परीक्षा. मार्क घसरले तर खेळू देत नाहीत. म्हणून देवांग पहिलीच परीक्षा मुद्दाम वाईट देत असे, म्हणजे नंतर फरक दिसू नये.

टिपणीसांच्या घराण्यात एका मार्कासाठी पोरांनी उपास केले होते. सुनांना पाहायला जाताना मार्कशीट मागवल्या होत्या. त्या घराण्यात मुद्दाम नापास व्हायची तयारी करणारा हा पहिलाच.

"किती वेळा झालंय असं?"

"डॉक्टरला माहीत आहेत ते? दोन."

"आणि माहीत नाहीत ते?"

देवांग बोटं मोजायला लागला. चौथ्या बोटाशी थांबला. "आय डोन्ट नो, आई. दॅट्स काइंड ऑफ द प्रॉब्लेम."

तो पुन्हा हसला. नंदाला हसू आलं नाही. ती त्याच्याशेजारी, पैठणी सावरत, जमिनीवर बसली.

"उद्या सही करायचीय ना तुला? आणखी दोन वर्षांची?"

"येस. एजंटचा फोन येईल मॉर्निंगला."

"का करतोयस? पुरे झालं की आता. डिग्री आहे, डोकं..." ती थांबली.

देवांगने गॉगल काढला. त्याचे डोळे लाल होते. "बाबा बोलतात माझ्याशी," तो म्हणाला. "दर मंडेला. फुल अवर. काय चुकलं, काय बरोबर, सगळं. आय लाइक इट, आई. खेळलो नाही तर मग आम्ही काय बोलणार?"

नंदा उठली आणि तडक वर गेली. प्रताप दिवाणखान्यात एका नव्या स्टुडंटला भिंतीशी उभा करून कबड्डीची पकड दाखवत होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं. डिसेंबरच्या तीन फोनांचंही सांगितलं. फक्त सोमवारच्या फोनचं सांगणं तिच्या जिभेवर येईना.

"जोक होता गं तो," प्रताप म्हणाला. "सगळे हसले."

"तुम्हीही हसलात."

"मग? मी एकटाच तोंड पाडून बसू?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हे बघ, इथे तमाशा नको. दादाने जुलैच्या अधिवेशनाच्या पत्रकावर प्रमुख पाहुणा म्हणून नाव छापलंय त्याचं. घरी गेल्यावर बोलू."

घरी गेल्यावर बोलू म्हटलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या घरात बोलायच्या राहून गेल्या होत्या.

स्वयंपाकघरात लतावहिनींनी तिचा हात धरला. "मी पाहिलं, नंदा. त्याला खरंच ओळखता आलं नाही. तू बोल सगळ्यांसमोर. यांना खाजगीत सांगून काही उपयोग नसतो, मला विचार. मी आहे तुझ्या पाठीशी."

नंदाला धीर आला. आयुष्यात पहिल्यांदा मोठी जाऊ तिच्या बाजूला उभी राहत होती.

बाराच्या सुमारास सत्कार सुरू झाला. देवांगला फायरप्लेससमोरच्या खुर्चीवर बसवलं. भाऊजींनी माइक घेतला. साठ माणसांच्या दिवाणखान्यात माइक लागत नव्हता, पण तोही शालीच्या जोडीनेच आणलेला होता. त्यांनी शिवकाळापासून सुरुवात केली. घोडखिंड आली, बाजीप्रभू आले, अंगावरच्या जखमा आल्या, मग एकदम मिडवेस्ट आलं.

"आणि मला सांगायला अभिमान वाटतो," भाऊजी म्हणाले, "की आपला हा वाघ उद्या आणखी दोन वर्षांच्या करारावर सही करतोय!"

टाळ्या पडल्या. नंदा उभी राहिली.

"भाऊजी, मला बोलायचंय."

"वा! वीरमाता बोलणार!"

तिने माइक घेतला नाही. "मघाशी खाली देवांगने जोक केला नाही," ती म्हणाली. "पडद्यावर तो स्वतः होता आणि त्याला ओळखता आलं नाही. त्याच्या डोक्याला चार वेळा, कदाचित जास्त वेळा, मार बसलाय. मला तीन आठवडे ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. त्याने सही करू नये असं मला वाटतं. बाजीप्रभूंचं तुम्ही सांगितलंत. त्यांच्या आईला कुणी विचारलं होतं का?"

नंदाने लतावहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातात औक्षणाचं तबक होतं. त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग त्या निरांजनाची वात पुढे सरकवण्यात फार गढून गेल्या.

भाऊजींना सावरायला तीन सेकंद पुरले. तीस वर्षं ते उगाच मंडळाचे पदाधिकारी नव्हते. "हे असं असतं, मंडळी, आईचं काळीज!" त्यांचा आवाज कापरा झाला. "मुलगा रणात आणि आई दारात! या मातेसाठी एकदा टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. काकूंनी डोळे टिपले. सत्यजितने शिट्टी मारली. नंदा बोलली तो शब्दन् शब्द त्या टाळ्यांनी कार्यक्रमात जमा करून टाकला. प्रताप खाली मान घालून टाळ्या वाजवत होता.

देवांगचा चेहरा लाल झाला होता. शाल खांद्यावर पडल्यावर त्याने भाऊजींच्या हातातून माइक घेतला. "आय अ‍ॅम साइनिंग टुमॉरो," तो आईकडे न बघता म्हणाला. "थँक यू, काका."

निघताना लतावहिनींनी गुळपोळ्यांचा डबा नंदाच्या हातात कोंबला. "थंडीत तब्येतीला जप हं," त्या म्हणाल्या. नंदाने डबा घेतला. नको म्हणायचं त्राणही नव्हतं.

परतीच्या वाटेवर दोन तासांत एकदाच देवांग म्हणाला, "यू हॅड नो राइट, आई." ती म्हणाली, "नव्हता." प्रतापने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

डेलावेअरच्या रेस्ट एरियात प्रतापने गाडी थांबवली. देवांग कॉफी आणायला आत गेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. ऊन कलायला लागलं होतं. नंदा उतरली आणि तिला तो दिसला, पार्किंगच्या पलीकडच्या टोकाला. हातात तीन कपांचा ट्रे होता. तो एका रांगेच्या शेवटापर्यंत जाई, वळे, पुढच्या रांगेत शिरे. प्रत्येक गाडीपाशी किंचित थबके. त्यांची मरून कॅमरी पंधरा वर्षं जुनी होती. त्याच गाडीवर तो ड्रायव्हिंग शिकला होता. तो तिच्यावरून दोनदा नजर फिरवून पुढे गेला.

"अहो," नंदा म्हणाली.

प्रताप आधीच उतरला होता. तोही बघत होता. त्याने हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. तो गाड्यांमधून भरभर चालत गेला. मग धावायला लागला, साठीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस. नंदा त्याच्यामागे गेली.

प्रताप देवांगच्या खांद्यालाही लागत नव्हता. त्याने लेकाचं कोपर धरलं. "इकडे," तो म्हणाला. "इकडे आहे बाळा गाडी."

"आय न्यू दॅट," देवांग म्हणाला. कॉफी गार झाली होती.

तेवढ्यात टीमची टोपी घातलेला एक माणूस समोर आला. त्याचा चेहरा उजळला होता. तुम्ही टिपनिस ना, चोपन्न नंबर? काय खेळता तुम्ही! पुढच्या सीझनला आम्ही नक्की जिंकणार ना?

अशा माणसांची प्रताप वाट बघत असे. विमानतळावर, देवळात, डेंटिस्टकडे तो आपणहून सांगायचा, आय अ‍ॅम द फादर. नंदाला वाटलं, आता कबड्डी सुरू होणार.

"ही इज रिटायर्ड," प्रताप म्हणाला.

तो माणूस गोंधळला. "सिन्स व्हेन?"

प्रतापने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "टुडे," तो म्हणाला.

माणूस सॉरी म्हणाला, देवांगशी हात मिळवून गेला. देवांग आता बापावर ओरडेल म्हणून नंदा वाट पाहत राहिली. तो ओरडला नाही. त्याने ट्रे शेजारच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला. वाऱ्याने कपांची झाकणं हलत होती.

"एजंटला मी सांगेन," देवांग शेवटी म्हणाला. मग थांबून, शब्द जुळवत, "पण बाबा, काकांना कोण सांगणार?"

अठ्ठावन्न वर्षांत प्रतापने मोठ्या भावाला नाही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. त्याने खिशातून फोन काढला. आकडे दाबताना बोट दोनदा चुकलं.

"दादा," तो म्हणाला, "प्रताप बोलतोय. आधी माझं पूर्ण ऐकून घे."